कॉफी कोणाला किती कडू लागते यात लाळेचा हात किती? घरच्या घरी तपासायची पद्धत

एकाच भांड्यातली काळी कॉफी दोघांनी घेतली, एकजण म्हणतो वा काय मस्त झालीये आणि दुसरा तोंड वाकडं करून साखरेचा डबा शोधायला उठतो, हे सगळ्यांनी बघितलंय. मग आपण म्हणतो की पहिल्याला सवय आहे, दुसऱ्याला नाही. बरोबर आहे, पण सवय झाली म्हणजे शरीरात नेमकं कुठे काय बदललं? मी पण त्या साखर शोधणाऱ्यांपैकीच, म्हणून याच्या मागे लागलो, आणि वाचता वाचता कळलं की जिभेइतकीच गंमत लाळेत आहे. खाली जी टेस्ट दिलीये ती मी स्वतः तीनदा केलीये, पहिल्यांदा चुकीची केली, पुढच्या दोन वेळा नीट. चुका पण सांगतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

आधी थोडी थिअरी, कंटाळा करू नका, याशिवाय टेस्टमधलं काही कळणार नाही.

कडू चव ओळखणारे रिसेप्टर माणसाच्या जिभेवर साधारण २५ प्रकारचे असतात, टीएएस२आर नावाचं खानदान आहे ते. कॅफिन त्यातल्या पाचांना चालू करतं, ७, १०, १४, ४३ आणि ४६ नंबरचे. हे रिसेप्टर काही उघड्यावर बसलेले नसतात, त्यांच्यावर कायम लाळेचा थर असतो, म्हणजे कपातली कुठलीही गोष्ट आधी लाळेत मिसळणार आणि मग रिसेप्टरपर्यंत जाणार. लाळ ९९ टक्के पाणीच असते, दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होते, पण उरलेल्या एका टक्क्यात शेकडो प्रकारची प्रोटीन्स असतात आणि प्रत्येकाची भेळ वेगळी.

२०१२ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी नेमकं हेच बघितलं. ज्यांना कॅफिन अगदी कमी प्रमाणात पण कडू लागतं असे लोक एकीकडे, ज्यांना बरंच घातल्याशिवाय कळत नाही असे दुसरीकडे, आणि दोघांच्या लाळेतली प्रोटीन्स वेगवेगळी करून तुलना केली. ज्यांना पटकन कडू लागतं त्यांच्या लाळेत अमायलेजचे (स्टार्च पचवणाऱ्या एन्झाइमचे) तुकडे, इम्युनोग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन जास्त सापडलं, आणि सिस्टॅटिन एसएन नावाचं प्रोटीन कमी. हे सिस्टॅटिन काय करतं, तर प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइम्सना लगाम घालतं. म्हणजे लगाम ढिला, तोंडात प्रोटीनची कापाकापी जास्त, आणि बहुतेक त्यामुळे रिसेप्टरवरचं आवरण पातळ होऊन कॅफिनला आत शिरायला सोपं जात असावं असा त्यांचा अंदाज. अंदाज हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, पण मला तरी तो पटतो.

आता एक घोळ मिटवून टाकू. कडू आणि तुरट हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि आपण सर्रास मिसळतो. तुरटपणा म्हणजे तोंड कोरडं पडल्यासारखं, जीभ टाळूला खरखरीत घासल्यासारखं वाटतं ना, ते. चहा-कॉफीत असणारे टॅनिनसारखे पॉलिफेनॉल लाळेतल्या प्रोलीन-रिच प्रोटीन्सना पकडतात, दोघांचा मिळून गाळ होतो, तोंडातला बुळबुळीतपणा जातो आणि मग घासल्यासारखं होतं. कॅफिन ही भानगड करत नाही, ते फक्त कडू असतं. कडक चहा घेतल्यावर जे 'कडू कडू' वाटतं त्यात बराचसा तुरटपणाच असतो, आणि दूध घातल्यावर तो कमी होतो कारण दुधातलं केसीन त्या पॉलिफेनॉलला लाळेच्या आधीच धरून ठेवतं.

अजून एक धक्का. कॉफीच्या कडूपणात कॅफिनचा वाटा जेमतेम १० ते १५ टक्के धरतात! बाकीचं काम कॉफीच्या बियांमधल्या क्लोरोजेनिक ॲसिडपासून भाजताना तयार होणारी लॅक्टोन नावाची रसायनं करतात, आणि डार्क रोस्ट, म्हणजे जास्त भाजलेली कॉफी असेल तर ते लॅक्टोन अजून मोडून फेनिलइंडेन तयार होतात, तो जो घशाला धरणारा जळका कडूपणा असतो तो त्यांचा. म्हणून डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढून टाकलेली कॉफी पण कडू लागते. आणि म्हणूनच ही टेस्ट कॉफीने करायची नाही, इथेच माझी पहिली चूक झाली होती. कॉफी पातळ करत करत किती पर्यंत कडू लागते ते बघत बसलो आणि त्यातून कॅफिनबद्दल काहीच कळलं नाही, वर वास येतो त्यामुळे कुठल्या ग्लासात कॉफी आहे ते तोंडात घ्यायच्या आधीच कळतं.

तयारी

कॅफिनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी लागेल, औषधाच्या दुकानात मिळते, फ्लेवरवाली किंवा गोड कोटिंगवाली नको. शुद्ध कॅफिनची पावडर चुकूनसुद्धा आणू नका, एक छोटा चमचा पावडर म्हणजे जवळपास २८ कप कॉफी असं अमेरिकेच्या एफडीएचंच म्हणणं आहे, आणि किचनच्या चमच्याने असली गोष्ट मोजायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ, लोक मेलेत त्याने. गोळीचा फायदा हा की अख्खं मिश्रण कोणी पिऊन टाकलं तरी २०० मिलिग्रॅमच्या वर जात नाही, आणि युरोपातल्या एफ्सा या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी मोठ्या माणसाला एका वेळी २०० आणि दिवसभरात मिळून ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं २०१५ मध्ये सांगितलंय. गरोदर असाल तर दिवसभराचीच मर्यादा २००. हार्टचा त्रास आहे, धडधड होते, कुठली औषधं चालू आहेत, तर हा खेळ तुमच्यासाठी नाही, नुसतं वाचा.

बाकी मग मोजमापाचं भांडं, पाच बाटल्या, सारखे दिसणारे छोटे ग्लास, कॉफीचा फिल्टर पेपर, थुंकायला एक भांडं आणि एक मदतनीस. मदतनीस पाहिजेच, कारण कुठल्या ग्लासात काय आहे हे स्वतःला माहीत असेल तर टेस्टला अर्थ नाही.

गोळी बारीक कुटून २५० मिली कोमट पाण्यात ढवळा. कॅफिन पाण्यात आरामात विरघळतं, खाली जी पांढरी पूड राहते ती गोळीतला भराव, फिल्टरमधून गाळून घ्या. ही झाली बाटली अ, लिटरला ८०० मिलिग्रॅम. यातलं १२५ मिली काढून तेवढंच साधं पाणी घाला की झाली ब, ४०० मिलिग्रॅम. ब मधलं १२५ काढून परत तसंच, क म्हणजे २००, मग ड १००, मग इ ५०. सगळ्या बाटल्या रूम टेंपरेचरला येऊ द्या, आणि साधं पाणी पण त्याच टेंपरेचरचं ठेवा, नाहीतर गार-गरमवरूनच ओळखाल.

इथे थांबून ब चा एक घोट घ्या जरा. नेहमीच्या फिल्टर कॉफीच्या मोठ्या कपात, २४० मिलीत, साधारण ९५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे लिटरला ४०० च्या आसपास, म्हणजे ब मध्ये तुमच्या कॉफीइतकंच कॅफिन आहे. आणि लागतं किती कडू? मला तर वाटलं एवढंच?! मघाशी सांगितलेले १० ते १५ टक्के म्हणजे काय ते माझ्या जिभेला त्या घोटात कळलं.

टेस्ट

सकाळी करा, त्या दिवशीची पहिली कॉफी किंवा चहा घ्यायच्या आधी. का ते पुढे सांगतो. ब्रश करून निदान एक तास झालेला पाहिजे, टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या केमिकलने कडूपणाचा अंदाज पूर्ण बिघडतो, ब्रश केल्या केल्या संत्र्याचा ज्यूस पिऊन बघितला असेल तर तुम्हाला माहितीये. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश वापरत असाल तर तो चालू असेपर्यंत टेस्ट करूच नका, त्याने चव बदलते. सर्दी असली तर एरवी चवीची वाट लागते पण कॅफिनला वास नसतो त्यामुळे इथे तेवढा फरक पडत नाही, तरी नाक मोकळं असतानाच करा, तोंडाने श्वास घेऊन लाळ सुकते.

मदतनीस तीन ग्लास ठेवणार, दोनात पाणी आणि एकात इ, प्रत्येकी १० मिली, क्रम त्याच्या मनाने. तुम्ही प्रत्येक ग्लास एका घोटात तोंडात घ्यायचा, सगळीकडे फिरवायचा, अगदी मागच्या बाजूला पण, मनात दहा मोजायचे आणि थुंकायचं. जिभेचं टोक गोड, मागचा भाग कडू असा जो नकाशा शाळेत दाखवतात तो चुकीचा आहे, कडू सगळीकडे कळतं, पण नुसत्या टोकाने चाखून सोडलं तर निकाल कच्चा येतो. मधे साध्या पाण्याने चूळ भरा आणि एक मिनिट थांबा, खरंच घड्याळ लावून थांबा, कारण कॅफिनचा कडूपणा सावकाश चढतो आणि रेंगाळतो, घाई केली तर आधीच्या ग्लासाची चव पुढच्यात सापडते.

मग सांगायचं वेगळा कुठला. कळलं नाही तरी एक उत्तर द्यायचंच. असं सहा वेळा. सहापैकी पाच किंवा सहा बरोबर आले तरच 'मला कळतं' असं धरा. हा आकडा उगाच घेतलेला नाहीये, तीनातून एक नुसता अंदाजाने निवडला तर सहापैकी पाच किंवा जास्त बरोबर यायची शक्यता २ टक्क्यांपेक्षाही कमी आहे, पण किमान चार नुसत्या नशिबाने बरोबर यायची शक्यता १० टक्के आहे, म्हणजे चारवर खूश होऊ नका. इ जमली नाही तर ड, मग क, असं वर चढत जा. ज्या बाटलीला पहिल्यांदा पाच-सहा बरोबर आले तो तुमचा उंबरठा. एका दिवसात दोनपेक्षा जास्त बाटल्या करू नका, जीभ थकते आणि माणूस चिडतो, मदतनीस पण. उरलेलं फ्रिजमध्ये झाकून ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा, पुढच्या वेळी आधी बाहेर काढून रूम टेंपरेचरला आणा. बाटल्यांवर कॅफिन असं मोठ्या अक्षरात लिहा आणि घरात लहान मुलं असतील तर हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवा.

बऱ्याच जणांचा उंबरठा ड आणि क च्या आसपास येतो. इ वरच ओळखलंत तर तुम्ही बऱ्यापैकी तीक्ष्ण जिभेचे, ब पर्यंत जावं लागलं तर बोथट. बोथट म्हणजे वाईट असं काही नाही हं.

लाळ मोजायची असेल तर

प्रोटीन घरी मोजता येत नाहीत हे सरळ मान्य करून टाकू, त्याला लॅब लागते, लाळ चिकट आहे की पातळ यावरून काही ठरवू नका. पण किती येते ते मोजता येतं. शांत बसा, मान थोडी खाली, पाच मिनिटं काही गिळायचं नाही, जमेल ती लाळ कपात गळू द्या आणि किचनच्या वजनकाट्यावर वजन करा. दिसायला विचित्र आहे, घरचे हसतील, हसू द्या. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. मिनिटाला ०.३ ते ०.४ मिली हे नॉर्मल, म्हणजे पाच मिनिटांत दीड ते दोन ग्रॅम. मिनिटाला ०.१ च्या खाली असेल, आणि परत केल्यावर पण तसंच आलं, तर टेस्ट बाजूला ठेवा आणि डेंटिस्टला दाखवा, ॲलर्जीच्या किंवा डिप्रेशनच्या काही औषधांनी लाळ कमी होते आणि दातांची वाट लागते.

ही गोळा केलेली लाळ फेकू नका, एक मजेदार गोष्ट दिसते. तीन छोट्या पारदर्शक ग्लासात थोडी थोडी घाला, एकात साधं पाणी, एकात बाटली अ, एकात कोरा कडक चहा गाळून गार केलेला. चहात तरंगणारे धागे आणि गढूळपणा दिसेल, कॅफिनचा ग्लास पाण्याच्या ग्लासासारखाच राहील. मघाशी जो कडू आणि तुरटचा फरक सांगितला तो डोळ्यांनी बघायचा असेल तर असा. फक्त एक, कडक चहा गार झाला की स्वतःहूनच थोडा गढूळ होतो, त्यामुळे लाळ न घातलेला चहा पण शेजारी ठेवा म्हणजे फसणार नाही.

कॉफी प्यायल्यावर टेस्ट का नको

कारण कॉफीने चवच हलते, आणि कुठल्या दिशेला हलते यावर अभ्यास एकमेकांना भिडतात. कॉर्नेल विद्यापीठात २०१७ साली लोकांना गोड केलेली डिकॅफ दिली, एका वेळी त्यात २०० मिलिग्रॅम कॅफिन आणि दुसऱ्या वेळी तेवढाच कडूपणा यावा म्हणून क्विनीन. कॅफिनवाली कॉफी कमी गोड लागली, आणि नंतर दिलेलं साखरेचं पाणी पण कमी गोड लागलं. कारण असं सांगतात की कॅफिन ॲडिनोसिनचे रिसेप्टर अडवतं, झोप पण त्यामुळेच उडते, आणि ते रिसेप्टर चवीच्या पेशींमध्ये गोडाला हातभार लावतात. गंमत म्हणजे कॅफिन नसलेल्या दिवशी पण लोकांना तेवढीच तरतरी आल्यासारखं वाटलं! मग २०२० मध्ये डेन्मार्कमधल्या आरहुसला १५६ लोकांवर बघितलं तर उलटं, कॉफीनंतर गोड जास्त कळायला लागलं आणि कडू कमी, आणि डिकॅफने पण तसंच झालं, म्हणजे तिथे कॅफिनचा संबंधच नाही. माझं मत विचाराल तर दोघं वेगळी गोष्ट मोजतायत, एकात कॅफिन वेगळं काढून किती गोड वाटतं ते विचारलंय, दुसऱ्यात अख्खी कॉफी पाजून किती बारीक चव ओळखता येते ते. दोन्ही खरं असू शकतं. आपल्यापुरतं एवढंच, टेस्ट दर वेळी कोऱ्या तोंडाने आणि एकाच वेळेला करायची.

कोणी कोणी विचारतं की प्यायलेलं कॅफिन रक्तातून परत लाळेत येतं, त्यानेच तोंड कडू होतं का? येतं हे खरं आहे, इतकं की शरीरातलं कॅफिन मोजायला रक्ताऐवजी लाळ वापरतात. पण हिशोब करा, २०० मिलिग्रॅम घेतल्यावर रक्तात लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास होतं, लाळेत त्याहून थोडं कमी. आपली सगळ्यात पातळ बाटली इ सुद्धा ५० ची आहे. त्यामुळे ते चवीला कळायचा प्रश्नच नाही, कॉफीनंतर तोंड कडू राहतं ते कॉफीच्या बाकीच्या मालामुळे.

आता सवय लावायची कशी

उंदरांवर झालेल्या प्रयोगांत असं दिसलंय की त्यांना काही दिवस कडू किंवा टॅनिनवालं खाणं दिलं की लाळेतली काही प्रोटीन्स वाढतात, आणि ती वाढली की तेच कडू खाणं ते आधीपेक्षा बिनधास्त खायला लागतात. माणसांवर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात चॉकलेट घातलेलं बदामाचं दूध दिवसातून तीनदा पाजून बघितलं, तिथे पण लाळेतली प्रोलीन-रिच प्रोटीन्स वाढली त्या बरोबर कडू-तुरट वाटणं कमी झालं. म्हणजे 'सवय झाली' यातला एक तुकडा अक्षरशः लाळेत बसलेला असतो. मात्र हे पॉलिफेनॉलवाल्या पदार्थांचं झालं, नुसत्या कॅफिनच्या पाण्याने तेवढं होईल अशी अपेक्षा धरू नका. म्हणून सवय लावायला गोळ्या नकोत, खरी कॉफीच प्या.

मी असं केलं, साखर एकदम बंद. अर्धा चमचा, पाव चमचा असं करत गेलं की दर वेळी आधीच्या गोड कपाची आठवण येते, निदान माझं तरी असं झालं. त्याऐवजी कप छोटा केला, मीडियम रोस्ट घेतली, डार्क नको कारण ते फेनिलइंडेन, आणि शंभर टक्के रोबस्टा जातीची पण नको, तिच्यात अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं आणि क्लोरोजेनिक ॲसिड पण जास्त. दिवसातून दोन-तीनदा थोडी थोडी, एकदाच मोठा मग नको, कारण लाळेला सारखी आठवण करून दिलेली बरी. झोपेचं बघा पण, कॅफिन निम्मं व्हायलाच सरासरी पाच तास लागतात, त्यामुळे दुपारनंतरचा कप डिकॅफचा करा, त्यात पॉलिफेनॉल असतातच. पहिले चार-पाच दिवस अगदीच नको झालं तर चिमटीतलं चार कण मीठ टाका, सोडियम कडूपणा दाबतं, खारट लागायच्या आतच दाबतं. विचित्र वाटेल पण चालतं.

आणि उंबरठा तीक्ष्ण आला म्हणून तुम्हाला कॉफी कधी आवडणारच नाही असं समजू नका. ब्रिटनमधल्या चार लाखांपेक्षा जास्त लोकांच्या डेटावर २०१८ मध्ये बघितलं तर ज्यांच्या जीन्समुळे कॅफिन जास्त कडू लागतं ते लोक कॉफी जास्त पितात असं निघालं, आणि क्विनीन किंवा प्रॉप नावाचं दुसरं एक कडू रसायन ज्यांना जास्त लागतं ते कमी पितात. कडू कडूमध्ये पण फरक आहे.

तीन आठवड्यांनी परत तीच टेस्ट, नवी गोळी, तशाच बाटल्या, तीच वेळ, मदतनीसाने क्रम परत बदलायचा. एका बाटलीचा फरक आला, म्हणजे ड वरून क, तर तो फरक धरू नका, एवढं तर झोप कमी झाली तरी इकडे तिकडे होतं. दोन बाटल्या सरकल्या तर काहीतरी झालंय, पण खात्रीसाठी दोन दिवसांनी परत एकदा करा. माझा उंबरठा जागचा हलला नाही, आधी ड, नंतर पण ड. कॉफी मात्र आता बिनसाखरेची जाते, आणि ते बरोबरच आहे, कारण जे बदललं ते बाकीच्या ८५-९० टक्क्यांच्या बाबतीत बदललं असणार आणि ती टेस्ट मी केलीच नव्हती. तुम्ही करताना सुरुवातीलाच एक कप बिनसाखरेची कॉफी पिऊन ० ते १०० मध्ये किती कडू आणि किती तुरट हे दोन वेगळे आकडे वहीत लिहून ठेवा, त्याच पावडरची, तेवढ्याच मापाची, आणि तीन आठवड्यांनी जुने आकडे न बघता परत लिहा.